लिंबाने धुतलेले हात

माझे पप्पा, दादू तायडे, घाटकोपरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होते. मुलांच्या प्रयोगांसाठी पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे दाणे पाण्यात विरघळवायचे आणि नंतर डागाळलेली भांडी घासायची, हे तीस वर्षं केलं त्यांनी. पावसाळ्यात आमच्या पायांना चिखल्या झाल्या की दोन दाणे बादलीत टाकून त्या गुलाबी पाण्यात पाय बुडवायला लावायचे. पाणी तपकिरी झालं की म्हणायचे, "दम संपला त्याचा, फेकून दे."

तोच तपकिरी डाग त्यांच्या बोटांवर कायम असायचा. नववीत मी फटकन बोलले, "हे हात घेऊन पालकसभेला नका येऊ ना."

सभा शुक्रवारी होती. मी त्यांना मुद्दाम शनिवार सांगितला आणि मामाला घेऊन गेले.

शनिवारी सकाळी पप्पा मोरीत बसून एकेक बोट लिंबाने घासत होते. लिंबाने तो डाग जातो. भेगांमध्ये रस झोंबत असणार. हात पुसून त्यांनी माझ्यापुढे धरले. "आता चालेल?"

"सभा काल झाली," मी म्हणाले. "मामा आला होता."

"बरं," म्हणाले, आणि जेवताना उरलेलं अर्धं लिंबू त्यांनी माझ्याच वरणात पिळलं.