चादरींच्या खोलीतला दुसरा श्वास

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. नर्सिंगमध्ये आयुष्य गेलं, मरणं हाताच्या अंतरावरून पाहिली — कधी काही दिसलं नाही. तरी एका दुपारचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही...

१९९१-९२ साल असेल. राहायला अंबरनाथला, नोकरी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये. तिथे माझ्या ड्युटीवर एक बाळंतीण रक्तस्रावाने गेली — माझा हात धरून. त्यानंतर माझे हात थरथरायला लागले. सलाईन लावताना शीर सापडेना. जेवण जाईना, झोप उडाली. राजीनामा लिहून ठेवला होता.

आमच्या सीनियर लीला सिस्टर, सिंधी, रिटायरमेंटला आलेल्या. काही न सांगताच त्यांनी ओळखलं. रोज जेवणाच्या सुट्टीत मला वरच्या मजल्यावर, चादरी ठेवायच्या खोलीत घेऊन बसायला लागल्या. "बेटा, मंत्र नको, काही नको. श्वास येतो, जातो... बस, देखते रहो." पहिले कितीतरी दिवस मी नुसती रडायचे. त्या शेजारी शांत बसून राहायच्या. हळूहळू झोप लागायला लागली.

एके दिवशी त्या रजेवर होत्या. मी एकटीच दार लावून बसले. थोड्या वेळाने माझ्या श्वासाबरोबर आणखी एक श्वास ऐकू आला. अगदी डाव्या हाताला — बारीक, भरभर, घरघरणारा. डोळे उघडले तर नुसते चादरींचे गठ्ठे. मिटले, की पुन्हा तोच. आणि मग तो थांबला.

उठले, जिना उतरले, पाय थेट वॉर्डातल्या शेवटच्या खाटेकडे गेले. तिथेच का, ते विचारू नका. सिझेरियन झालेली आई गाढ झोपलेली, तिची बहीण चहा आणायला खाली गेलेली. कुशीतली दोन दिवसांची मुलगी निळी पडली होती — दूध अडकलेलं. पालथी घेतली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंड पुसून काढलं... आणि ती रडली. माझे हात एकदाही थरथरले नाहीत. राजीनामा त्याच संध्याकाळी फाडला.

रडण्याने जागी झालेली आई म्हणाली, "सिस्टर, मी तर हाक मारली नव्हती. तुम्हाला कोणी सांगितलं?"

राउंडला आले होते, असं खोटंच सांगितलं.

लीला सिस्टर रजेवरून आल्यावर त्यांना सगळं बोलले. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, होतं असं कधीकधी. पण त्या म्हणाल्या, "मी बारा साल बसतेय. मला फक्त माझाच श्वास ऐकू आला."

आमच्या डॉक्टरांच्या मते नर्सचे कान सवयीने तयार होतात. असेलही. पण मधे एक अख्खा मजला होता, आणि दार बंद होतं...