परराष्ट्रमंत्र्यांची स्थानिक बातमी

जुन्या शहरातली घरं एकमेकांना अशी चिकटून आहेत की शेजारी फोडणीत मिरची पडली की ठसका आपल्याला लागतो. अशा ठिकाणी राहून शेजाऱ्याच्या घरातलं काही न कळणं ही मोठी कर्तबगारी आहे, आणि आमच्या गल्लीत ती एकाच माणसाला साधली होती. भिंतीपलीकडे नातू जन्मला हे त्यांना बारशाच्या घुगऱ्या हातात पडल्यावर समजलं. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा देशाचा अर्थमंत्री बदलला हे मात्र त्यांना बहुधा त्या अर्थमंत्र्याच्या बायकोच्या आधी कळलेलं असे.

सगळे त्यांना परराष्ट्रमंत्री म्हणत. मी काकाजी म्हणायचो, कारण ते माझ्या वडिलांचे दोस्त. वडील गेले तेव्हा आमच्या घरी माणसांची रीघ लागली होती. प्रत्येक जण विचारायचा, आता कसं करता, पेन्शनचं काय झालं, पोट्टा काय करून राहिला. काकाजी रोज संध्याकाळी यायचे, ओट्यावर पेपर उघडायचे आणि एक अक्षर न विचारता बसून राहायचे. चहा झाला की घडी घालून निघून जायचे. त्या न विचारण्याचा मला फार आधार वाटला होता. माया अशीही असते, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

त्यांची सगळी नोकरी अकोल्याच्या बसस्टँडवर, लाउडस्पीकरच्या खोलीत गेली. निवृत्तीनंतर माईक सुटला, पण आवाजाला ते कोणी कळवलं नाही. सकाळी युसूफभाईंच्या कटिंगच्या दुकानात पेपरांची गुंडाळी काखेत घेऊन यायचे आणि पायरीवरूनच सुरू व्हायचे, "इकडे लक्ष द्या. आफ्रिकेकडे जानारं धान्याचं जहाज बंदरातच उभं हाये. सुटाची येळ नक्की नाई." खुर्चीवर बसल्यावरही तोंड चालू. युसूफभाई वस्तरा हवेत धरून म्हणायचे, "मंत्रीसाहब, आप अफ्रिका जाव, मना नहीं. लेकिन गर्दन यहीं छोड़ के जाव."

दुकानातल्या भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर नट-नट्यांशिवाय कोणाला प्रवेश नव्हता. एकदा एका नटीचं आणि तिच्या क्रिकेटपटू नवऱ्याचं बिनसलं. फोटो काढून टाकले, अंगठी दिसत नाही, विमानतळावर एकटीच दिसली. त्या दोघांनी एक कुत्रं पाळलेलं होतं. ते आता कोणाकडे राहील यावर दुकानात दोन तट पडले. ज्यांच्या स्वतःच्या शेताचे हिस्से वर्षानुवर्षं भावाशी बोलणं नसल्यामुळे अडले होते, ती माणसं त्या कुत्र्यासाठी तडजोड सुचवत होती. काकाजी पेपराआडून म्हणाले, "एका कुत्र्याचा ताबा कोनाले भेटते याची तुमाले चिंता. तिकडे एका देशाचा अख्खा प्रांत हातचा गेला, तो कोनाले भेटला ते इचाराना कोनी." कोणी विचारलं नाही. पेपर हलला नाही, पण त्यामागे काही तरी हललं असावं.

यावर त्यांचा एक सिद्धान्त होता, स्टँडवरच्या अनुभवातून निघालेला. "अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, साऱ्या गावाईची नावं घ्या मायकात. मानसाले एकच नाव ऐकू येते, त्याच्या गावाचं. बाकीचे सारे नुसते खरखर." मी हसायचो. मला वाटायचं, ते लोकांबद्दल बोलत आहेत.

आता मध्येच माझं सांगावं लागतं, कारण पुढचा घोटाळा माझ्याशिवाय झाला नसता. मी नट होतो. होतो म्हणजे एका मालिकेत नायकाचा मित्र होतो. नाव बाळ्या. वऱ्हाडी पात्र हवं होतं आणि मी अकोल्याचा, एवढी माझी अभिनयक्षमता. संवाद लिहिणाऱ्या बाईंना वऱ्हाडी म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बे' लावायचं एवढीच माहिती होती. मी तसं केलं. "चहा घे बे." "हिरोईन आली बे." मालिकेतल्या सासूबाईंनाही एकदा बे म्हणालो. तेवढ्यावर गणपतीत मला शाल-नारळ मिळाला. युसूफभाईंनी माझा फोटो आरशाच्या कोपऱ्यात खोचला, मोठ्या मोठ्या खानांच्या खाली, पण वस्तऱ्याच्या पेटीच्या वर. कटिंगचं कोणी माझ्याकडून काही घेत नसे आणि मीही, कलावंताचा मान म्हणून, देत नसे.

मग एके दिवशी बाळ्याला दुबईत नोकरी लागली. मालिकेत ज्याला काढायचं असतं त्याला दुबईत नोकरी लागते, हे इथे फक्त मला कळलं. गल्लीला वाटलं बाळ्याचं नशीब उघडलं. घरी मी काही बोललो नाही. ठाण्याला एका बिल्डरकडे नमुना फ्लॅट दाखवायचं काम धरलं. टाय लावायचा आणि सांगायचं, "इथे एल आकाराचा सोफा बसेल." हेही पाठांतरच. फक्त बे नाही.

याच सुमारास आईने अमरावतीची मुलगी पाहिली. मृणाल. एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पाहायला गेलो तेव्हा तिचे वडील मला पाहून अर्धे उठून उभे राहिले. नातेवाइकांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की जवाई टीव्हीवर असते. चहा देताना मृणालने एकच विचारलं, "दुबईवरून कधी येता मग?" आणि हसली. मी तोंड उघडण्याआधी आई म्हणाली, "दिवाळीनंतर येते म्हनला." मी फक्त मंद हसलो. तेवढं मला मालिकेत शिकवलेलं होतं.

पण ती हसली होती ते माझ्या मनातून जाईना. फोनवर बोलणं सुरू झालं. ती वर्गातल्या गमती सांगायची, मी शूटिंगच्या जुन्या गमती ताज्या करून सांगायचो, आणि फोन ठेवला की माझंच मला ओशाळं वाटायचं. येत्या रविवारी अमरावतीला बैठक ठरली होती, बोलणी पक्की करायची. मी ठरवलं, बैठकीआधी तिला एकटीला भेटून सगळं सांगून टाकायचं. तिने हो म्हटलं तर ते माझ्यासाठी, बाळ्यासाठी नाही.

हे ठरवलेलं कोणाजवळ तरी बोलल्याशिवाय मला राहवेना. आणि बोलायला माणूस कोण, तर ज्याला गोडाची चवच नाही त्याच्याजवळ पेढ्यांचा डबा निर्धास्त ठेवावा, तसे काकाजी. बैठकीसाठी शुक्रवारी अकोल्याला आलो, तेव्हा मोर्णा नदीच्या पुलावर ते कठड्याला टेकून उभे होते.

"काकाजी, बाळ्या आता येत नाही."

"काऊन? व्हिसाची काई भानगड?"

"बाळ्याच संपला काकाजी. काढलं मला."

मग मी सगळं सांगितलं. ठाणं, टाय, सोफा, मृणाल, रविवार. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "सांगून टाक तिले," ते म्हणाले. "मोठमोठे देश लपवता लपवता बुडाले." आणि लगेच कुठल्याशा नदीच्या पाण्यावरून दोन देशांत काय चाललं आहे ते सांगू लागले. मला इतकं हलकं वाटलं की मी ते सबंध ऐकलं.

पुढचं मला युसूफभाईंकडून कळलं. त्यांनी ते मान खाली घालून सांगितलं. शनिवारची सकाळ, दुकान भरलेलं. टीव्हीवर त्या नटीच्या घराबाहेर कॅमेरे लागलेले. काकाजी पायरीवर उभे राहून एका शहराबद्दल सांगत होते, तिथे बॉम्ब पडून दवाखाना गेला होता. कोणी तरी म्हणालं, "काकाजी, थोडं बाजूले व्हा, दिसत नाई." काकाजी बाजूला झाले. जाहिराती लागल्या. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "इकडे लक्ष द्या. तुमचा बाळ्या दुबईहून वापस येत नाई."

"कैंची रुक गई मेरी," युसूफभाई म्हणाले. "मैं ख़ुद पूछ बैठा, फिर?"

आणि काकाजींनी सगळं सांगितलं. सोफ्यासकट. आमच्याकडे आता गल्लीगल्लीत एक माईकवाला असतो, ज्याचं स्वतःचं न्यूज पोर्टल असतं. एक दाढी करायला बसला होता. त्याने तोंडाला फेस असतानाच मोबाइल चालू केला. दुपारपर्यंत व्हिडिओ आला: 'अकोल्याच्या लाडक्या कलाकाराला डच्चू! निकटवर्तीयाचा खळबळजनक खुलासा.'

शनिवारभर मी फोन बंद ठेवून तिला काय सांगायचं ते पाठ करत होतो, त्यामुळे तो व्हिडिओ मी पहिल्यांदा मृणालच्या मोबाइलवर पाहिला. रविवारी, अमरावतीत, राजापेठेतल्या एका कॉफीच्या दुकानात. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य बोलणार तोच तिने मोबाइल टेबलावर ठेवला. पडद्यावर काकाजी होते. इतके टवटवीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बॉम्ब पडलेल्या शहरासाठी जो आवाज होता त्याच आवाजात ते सांगत होते, "पोट्टीच्या घरच्याईले अजून पत्ता नाई." खाली लोकांनी लिहिलं होतं. एकाने विचारलं होतं, सोफा बसते का बे.

"हे सांगायलाच मी आलो होतो," मी म्हणालो.

"दिसते ना," ती म्हणाली. "टाय न लावता आले." मग म्हणाली, "पहिल्यांदा बाबांनी पाहिला. आत्याने पाठवला त्यांना. तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी बाबांशी भांडले असते. आता तुम्ही काहीही बोला, ते सांगणं नाही, जाब देणं होते. माझ्या घरी बसून तुम्ही रोज जाब द्याल, आणि मला ते पाहवणार नाही."

कॉफी आली. तिने साखर माझ्याकडे सरकवली. बैठक झाली नाही. आईने फोनवरून पाहुण्यांना, तब्येत बरी नाही, असं कळवलं. कोणाची ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

अकोल्याला उतरलो तो थेट काकाजींच्या ओट्यावर. पेपर वाचत होते. माझी चाहूल लागूनही तो खाली झाला नाही.

"काकाजी, काऊन केलं असं?"

मग पेपर उतरला. "चूक झाली," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू बहाना म्हनशील. पन आयकून घे. नोकरीभर मायकात बोललो. रिटायर झालो तवापासून त्या दुकानात बोलून राहिलो. लढाया सांगतल्या, दुष्काळ सांगतले, मेलेली मानसं सांगतली. एकानंबी मले कधी 'मंग?' म्हनलं नाई. तुह्यं नाव घेतलं अन सारं दुकान म्हनलं, मंग? म्या सांगतलं. पुन्हा म्हनले, मंग? मले वाटलं थांबावं. पन थे मंग म्हनत होते ना रे."

"अन माझ्या लग्नाचं काय, काकाजी?"

ते माझ्याकडे बघत राहिले, अगदी प्रामाणिकपणे. "थे माह्या ध्यानातच नाई आलं," ते म्हणाले. "इतल्या जवळचं मले दिसत नाई."

चिडायला मी तयारच होतो, पण मला चिडताही येईना. मला आमचा ओटा आठवला. वडील गेल्यानंतरच्या त्या संध्याकाळी, तो पेपर, तो चहा. माझं मन जपायचं म्हणून हा माणूस काही विचारत नाही, असं मी धरून चाललो होतो. विचारण्यासारखं इथे काही घडलं आहे, हेच त्यांच्या ध्यानात आलं नसेल का? लग्न मोडलं त्याचं दुःख मला पुढे वर्षभर पुरलं. हे दुसरं अजून पुरतं आहे. मोडलेलं लग्न निदान झालेलं तरी नव्हतं. ती माया मात्र मी इतकी वर्षं खरी धरून वापरली होती.

पुढे दुकानात लोक त्यांना रोज विचारत, "मंत्रीसाहेब, अजून काय?" त्यांनी खुर्ची टीव्हीकडे वळवून घेतली. नटीच्या कुत्र्यावरही एकदा मत दिलं म्हणतात. पण ज्याची आतली गोष्ट त्यांना ठाऊक होती असा माणूस मी एकटाच होतो, आणि मी संपलो होतो. हळूहळू लोक पुन्हा त्यांना बाजूला व्हा म्हणू लागले. मी कटिंग पलीकडच्या चौकात करू लागलो, पैसे देऊन.

मागल्या वर्षी त्यांच्या मुलीने त्यांना परतवाड्याला कायमचं न्यायचं ठरवलं. युसूफभाईंनी फोन केला. "ग़ुस्सा अपनी जगह, बस अपनी जगह. आज जा रहे. मिल लेव." मी स्टँडवर गेलो. मुलगी सामान लावत होती, ते खिडकीशी बसले होते. लाउडस्पीकरवर आता बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता, आणि त्यांच्या बसचं नाव तिने घेतलं तेव्हा त्यांनी ते ऐकलं नाही.

मला पाहून त्यांनी खिडकीची काच सरकवली. कसा आहेस विचारलं नाही. म्हणाले, "एक देश हाये. समुद्रात, लहानसा. पानी चढून राहिलं त्याच्यावर. त्या लोकाईनं दुसऱ्या देशात जागा पाहून ठेवली. देवं, मढ्याच्या जागची माती, सारं घेऊन जाचं म्हनते. पन थो दुसरा देश ऐन टायमावर..."

आणि ते थांबले. माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या दुसऱ्या देशाने काय केलं हे मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. एक शब्द पुरला असता. कंडक्टरने घंटी दिली, बस मागे सरकली, वळली. काच उघडीच होती आणि ते अजून पाहत होते. मी हात केला फक्त.

त्या बेटाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. पेपरात येत असेल, आतल्या पानावर. ते पान आलं की मी उलटतो.