सेव्ह केलं होतंस ना?

झोपेतून उठवून विचारलं असतं तरी राउटरच्या चार मेमरी मी घडाघडा म्हणून दाखवल्या असत्या. विरारच्या क्लासमध्ये पाढ्यांसारख्या पाठ केल्या होत्या: रॉम, फ्लॅश, एनव्हीरॅम, रॅम. आणि एवढं करून पहिल्याच मोठ्या कामात माती खाल्ली. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. नेटवर्क बसवून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. सहावा महिना चालू होता. गोखिवऱ्यातल्या एका कारखान्याचा राउटर नीट लावलास तर कायम, नाहीतर घरी, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरात तेव्हा माझा एकटीचाच पगार येत होता.

कारखाना म्हणजे पत्र्याचा गाळा. सकाळी नऊपासून एकेक कमांड टाइप केली, चुकली, पुन्हा केली. एक वाजता कारखान्याच्या अंधेरीतल्या ऑफिसशी लाइन जोडली गेली. मी हुश्श केलं आणि डबा उघडला. सेव्ह? जेवून करू म्हटलं. काय घाई होती जेवायची, देव जाणे.

तिसऱ्या घासाला लाईट गेली. तिथले म्हातारे फोरमन काका जेवणाच्या सुट्टीत मेन स्विच खाली ओढायचे. पावसाळ्यात पत्र्यातून बोर्डावर पाणी ठिबकायचं, म्हणून त्यांचा हा रोजचा नेम. मला कोणी सांगितलं नव्हतं.

अर्ध्या तासाने स्विच वर झाला. रॉमने राउटरला जागं केलं, फ्लॅशमधून त्याची सिस्टिम उचलली, मग तो एनव्हीरॅममध्ये माझी सेटिंग शोधायला गेला. तिथे काय असणार, कपाळ! सेव्ह केल्याशिवाय तिथे काही जात नाही. माझं चार तासांचं काम नुसतं रॅममध्ये होतं, आणि वीज गेली की रॅम सगळं विसरते. हे वाक्य मी परीक्षेत माझ्या हाताने लिहिलं होतं. पडद्यावर राउटर मख्खपणे विचारत होता: पहिल्यापासून सेटिंग करायची का? हो की नाही?

नेमके तेव्हाच साहेब आणि कारखान्याचे शेठ आत आले. साहेब विकण्यात पटाईत, पण राउटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे.

"सेव्ह केलं होतंस ना?"

"हो सर. पण मध्येच लाईट गेली ना, त्यात उडालं."

शेठ काकांवर खेकसले, "कोणी सांगितलं होतं स्विच बंद करायला? अक्कल गहाण ठेवलीय का?"

"बोर्डावर पानी पडतंय ना शेठ, म्हणून..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. मी मान खाली घालून पुन्हा टाइप करायला लागले. साहेबांवर, क्लासवर, त्या गळक्या पत्र्यावर, सगळ्यांवर मनातल्या मनात चिडून झालं. खरं बोलायला तोंड मात्र उघडलं नाही. संध्याकाळी लाइन पुन्हा जोडली, या खेपेला सेव्हही केलं. साहेब तिथेच म्हणाले, एक तारखेपासून तू कायम.

निघताना काका दारापर्यंत आले.

"पोरी, माझ्यामुळं तुला तरास झाला. मनात धरू नको."

"जाऊ द्या काका, होतं असं कधीकधी," मी म्हटलं, आणि त्यांना चक्क माफ करून टाकलं.