विलायती चिंच

विनिताबाईंनी आनंदाला पहिल्यांदा पाहिलं ते विचुंब्याच्या नाक्यावर. उभ्या ट्रकच्या मागे थांबून तो कंटेनरवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवत होता. ड्रायव्हर ओरडत होता, "काका, डबा विकत घेताय काय?"

बाई शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. कोणी वाचताना अडलं की त्यांना राहवत नसे. "अँटवर्प," त्या म्हणाल्या.

"ठाव हाय. आमच्या निकेशचा गाव."

न्हावा शेव्याला जहाजांवरचे डबे लोखंडी सळयांनी जखडण्यात आनंदाची पंचवीस वर्षं गेली होती. त्याचा मुलगा निकेश आता बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात नोकरीला होता. या ओळखीनंतर काही अडलं की आनंदा बाईंच्या दारात येऊन उभा राहू लागला.

यंदा शिमगा झाल्यावर आला तो उतरल्या चेहऱ्यानंच. निकेशची मुलगी समृद्धी नऊ वर्षांची, जन्म तिथलाच. शाळेत सांगितलं होतं, आपण युरोपियन का आहोत, हे दाखवणारी एक वस्तू सोमवारी घरून आणा.

"घरान काय हाय? पोळपाट नि मोदकाचा साचा. पोर रडते. म्हनते, आजा, मी यांची नाय नि तुमची बी नाय, मंग कोनाची? बाई, युरोप म्हंजे नक्की काय वो?"

बाईंनी चहा ठेवला आणि शिकवायला बसल्या. आधी ग्रीक-रोमनांचा वारसा म्हणजे युरोप. मग शेकडो वर्षं, ख्रिस्ताला मानतो तो आपला. पुढे विचारवंत म्हणाले, धर्म राहू द्या, माणसानं स्वतःच्या बुद्धीनं विचार करावा, हा युरोप. त्याच युरोपानं अर्धं जग ताब्यातही घेतलं. दोन महायुद्धांनंतर म्हणाले, पुन्हा एकमेकांना मारायचं नाही, हा युरोप. आणि आता बाहेरून आलेले त्यात धरायचे की नाही, यावर वाद चालू आहे.

आनंदानं बशीतला चहा संपवला. "म्हंजे त्यांचा बी अजून ठरला नाय."

"नाही ठरलं."

"मंग आमच्या दारची चिंच दाखवू दे तिला. विलायतीच हाय ती."

बाईंनी गप्प राहायला हवं होतं. पण सवय. "अहो, ती विलायतेची नाही. मेक्सिकोकडची. विलायतेच्या थंडीत जगायचीसुद्धा नाही. समुद्रापलीकडून आलं ते सगळं आपण विलायती म्हटलं, इतकंच."

आनंदानं रिकामी बशी कपाखाली सरकवली. "माझा बापूस बी विलायतीच म्हनायचा तिला," तो म्हणाला. "मंग ती कुठली धरायची?"

"तुमच्या दारची," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यानं झाडाखाली उभं राहून समृद्धीला फोनवर शेंगांचे वाकडे आकडे, गुलाबी गर, सगळं दाखवलं आणि नावाची गोष्ट सांगितली. तिनं झाडाचा फोटो वर्गात नेला.

मंगळवारी तो बाईंकडे आला. "फोटू भिंतीवर लावलाय. चर्चच्या नि चीजच्या मधी. पोर म्हनते, मी तुमच्या चिंचेच्या उलट, नावानं तुमची, पन इथली." मग त्यानं विचारलं, "म्हंजे ती तिथलीच झाली ना, बाई?"

खोटं बोलणं बाईंना जमलं नाही. "हो."

"होऊ दे," तो म्हणाला. चपला घालताना मात्र त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

आनंदा आता एकाहत्तर वर्षांचा आहे. दर रविवारी समृद्धी त्याला फोनवर तिथल्या डच भाषेतले पाच शब्द शिकवते. बाईंनी दिलेल्या वहीत तो ते देवनागरीत लिहून ठेवतो.