लेकाएवढं

ऑपरेशन करून इंदूरहून घरी आलो, त्याच दिवशी बायकोनं स्वयंपाकघरातले डबे रिकामे केले. शेव, चिवडा, केळीचे वेफर, शेंगदाण्याचे लाडू, मुलीनं लपवलेली बिस्किटं, आणि देवघरामागं आईनं जपून ठेवलेला दराब्याचा पुडा. रवा, तूप आणि साखर घोटून घोटून आमच्या बुऱ्हाणपूरला दराबा करतात, तो खाताना दातांना काही कामच राहत नाही. सगळं पिशव्यांत भरून शेजारीपाजारी गेलं. मी खुर्चीत बसून बघत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या पुड्यासाठी माझे डोळे भरून आले. पन्नाशीचा माणूस, केळीची वखार चालवणारा, आणि दराब्यासाठी रडतोय. बायकोला वाटलं टाके दुखताहेत.

पोटाचा मोठा भाग डॉक्टरांनी काढून टाकला होता. उरलं ते केळाएवढं आहे, असं त्यांनी समजावलं. मी विचारलं, "कोणत्या जातीच्या?" ते हसले नाहीत. वजन, साखर, झोपेत अडकणारा श्वास, हे सगळं त्यांनी बघितलेलं होतं. म्हणाले, एका वेळी एक छोटी वाटी, सावकाश, नीट चावून, आणि गोड-तळकट घरातच आणू नका.

पोट कापलं, पण जीभ जशीच्या तशी ठेवली. हे कोणी आधी सांगत नाही. भूक गेली होती, हाव गेली नव्हती. वखारीतून घरी येताना रिक्षावाल्याला मी लांबच्या रस्त्यानं घ्यायला सांगायचो, कारण जवळच्या रस्त्यावर मावा जिलेबीची कढई होती. जाड, काळपट, पाकानं जड झालेली जिलेबी. एकदा न राहवून एक तुकडा खाल्ला. दहा मिनिटांत अंगाला दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली, पोटात पिळा बसला. दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. ओळखीचे लोक येता-जाता म्हणत होते, "क्या बात है भाऊ, एकदम स्लिम!"

घरात नियम झाले. फोडणी दार लावून द्यायची. मुलीनं तिचे नूडल्स गच्चीवर खायचे. बायको माझ्या आधी जेवून घ्यायची, म्हणजे तिचं ताट माझ्यासमोर येणार नाही. मी तरीही चिडायचो. लसणाचा वास आला तरी चिडायचो आणि नाही आला तरी. मुलगी एकदा म्हणाली, "पापा, अपने घर में ही चोरी से खाना पड़ता है." मला तिचा राग आला आणि कीवही आली. पण हे सगळं निभावून गेलं असतं. आमच्या घरात जे घडलं ते आईमुळे घडलं.

पहिल्याच संध्याकाळी बायकोनं आईपुढं ताट ठेवलं, दोन भाकरी आणि वांग्याची भाजी. आईनं विचारलं, "त्यानं काय खाल्लं?" बायकोनं माझी वाटी दाखवली. मुलगी लहान असताना तिला भरवायची ती स्टीलची वाटी, आणि तीही अर्धीच भरलेली. आईनं दोन्ही भाकरी टोपलीत परत ठेवल्या. "मले बी तेवढंच दे," ती म्हणाली.

आम्ही हसलो. मुलगी म्हणाली, आजीला पण डायटिंग करायचंय. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच, आणि मग मला आठवलं.

वडील गेले तेव्हा मी पाटी-पेन्सिलीच्या वयाचा होतो. आम्ही काकांच्या घरात राहायचो. थोरली काकू वाढायची. ती काही दुष्ट नव्हती, घरात माणसं जास्त आणि पीठ कमी, एवढंच. ज्या बाईचा नवरा कमावतो तिचं ठीक, पण माझ्या आईचं माप कसं ठरवायचं? काकूनं ते दोन शब्दांत ठरवलं होतं. विधवेला लेकाएवढं. मी एक भाकरी खाल्ली तर आईला एक. मी ताप येऊन झोपलो तर आईला काही नाही, आणि ती तशीच केळीच्या मळ्यात घड वाहायला जायची. याला कोणी अन्याय म्हणत नव्हतं. आईसुद्धा नाही.

मग आईनं मला खायला शिकवलं. मला भूक नसायची. ती माझ्याशेजारी बसून हळूच म्हणायची, "आजून एक घे रे राजा. मह्यासाठी घे." मी घ्यायचो. गिळता येत नसलं की पाण्याबरोबर ढकलायचो. दहा वर्षांचा होईपर्यंत तीन भाकरींवर आलो होतो आणि सगळं गाव म्हणायचं, पोरगं खातं चांगलं. मी आईचं रेशनकार्ड होतो. पुढं भूक खरी झाली, मग सवय झाली, मग शरीर झालं.

नंतर आमचं वेगळं घर झालं, वखार झाली, पिठाची पिंपं भरली. कोणी कोणाला मोजून वाढत नव्हतं. पण आई माझ्यानंतरच जेवायची, आणि ताटावर बसण्याआधी बायकोला विचारायची, किती खाल्ल्या त्यानं? बायकोला वाटायचं, आईची माया. मलाही तसंच वाटायचं. माझं खाणं एवढं वाढलेलं होतं की त्या मापाचा आईला कधी काच झालाच नाही. माप मात्र सुटलेलं नव्हतं. ऑपरेशननं ते एकदम खाली आणलं तेव्हा ते आम्हाला दिसलं.

मी तिला समजावलं. काकू जाऊन किती वर्षं झाली, घर आपलं आहे, कोणी बोलणारं नाही. ती ऐकून घ्यायची. "मले ठाव हे रे," म्हणायची. मग मी ओरडलो. माझ्या ओरडण्याचं तिला काही वाटायचं नाही. बायकोनं दूध देऊन पाहिलं, तर आई म्हणाली, दूध बी खानंच हे. एकदा बायको तिच्याजवळ बसून राहिली आणि बळेच अर्धी भाकरी जास्तीची खायला लावली. आईनं घास घेतला, चावला, चावतच राहिली. दाराकडं बघत होती, जसं आता कोणीतरी येऊन विचारणार आहे. शेवटी घास पदरात काढला आणि म्हणाली, "गिळलंच जात नही वं पोरी. मी काय करू?" त्यानंतर मी ओरडणं सोडलं. तो हट्ट नव्हता, हे मला तेव्हा कळलं, आणि हट्ट असता तर बरं झालं असतं.

माझं वजन उतरत होतं आणि तिचंही. माझ्या उतरण्याचं मंडीत कौतुक होत होतं, पँट-शर्ट शिंप्याकडं जात होते. तिच्या बांगड्या कोपराकडं सरकत होत्या. तिच्या अंगावर उतरवायला होतंच काय? इच्छापूरच्या देवीला नेलं. म्हटलं, नवसासारखं काही मनात धरलं असेल तर देवीपुढं सोडून दे. ती पायऱ्या चढू शकली नाही, खालीच बसली. म्हणाली, "मी नवस कुठं केला? सोडू काय?"

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडं आखाजीला खापरावरचे मांडे होतात. मातीच्या पालथ्या खापरावर हातभर रुंद, कापडासारखी पातळ पुरणपोळी, आणि तिच्याबरोबर आमरस. त्या वर्षी बायकोनं मांडे करायचे नाहीत असं ठरवलं होतं. मीच म्हणालो, कर. सकाळी आईजवळ बसून मी सौदा केला. मी अख्खा मांडा खातो, रसाबरोबर, तुझ्यासमोर. तूही अख्खा खायचास. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, "खाशीन?"

खाल्ला. खरं सांगतो, पहिले चार घास स्वर्गातले होते. मला मेलं तरी चालेल असं वाटत होतं. पाचव्याला छातीत भिंत उभी राहिली. तरी खात गेलो, लहानपणी जसा खायचो तसा, पाण्याबरोबर ढकलत. समोर आई तिचा मांडा खात होती. बोटांवरून रस ओघळत होता आणि ती तो चाटत होती. पोरासारखी खात होती. तिला इतकी भूक होती हे बघून मला रडू आलं. मग घाम सुटला. मी शांतपणे उठलो, न्हाणीघरात गेलो, नळ पूर्ण सोडला आणि सगळं बाहेर काढलं. नंतर तिथंच फरशीवर पडून राहिलो. छाती पॉवरलूमच्या कारखान्यासारखी खटखटत होती. बायको दार वाजवत होती.

रात्री बायको एवढंच म्हणाली, "एकाले जगवायले दुसऱ्याले मारायचं का?" मला वाटलं, आई तरी एक दिवस पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा वाटी मागितली. मी म्हटलं, काल मी मांडा खाल्ला ना? ती म्हणाली, "नळ काहून सोडला होता? पोटात राह्यलं नही, ते खाल्लं कसं म्हनू?" तिचा हिशेब चुकत नव्हता. काकूचा कधी चुकला नव्हता, तर हिचा कसा चुकेल? त्यातही तिला वाईट वाटत होतं ते माझं. काल आपण फुकटच जास्तीचं खाल्लं म्हणून त्या दिवशी ती वाटीभरसुद्धा जेवली नाही.

पावसाळा संपता संपता आईनं अंथरूण धरलं. डॉक्टर घरी येऊन गेले. आजार काही नाही, खायला घाला, म्हणाले. मी हसलो आणि त्यांना त्याचा राग आला. सलाईन लावलं की चार दिवस ती बरी दिसायची. नाकातून नळी घातली, ती तिनं झोपेत काढून टाकली. मग बायको पातळ मुगाची पेज करायची आणि मी दुपारी वखारीतून येऊन ती चमच्यानं भरवायचो. आई तोंड मिटून विचारायची, "तू जेवला?"

"हो."

"किती?"

"चार भाकरी."

पहिले काही दिवस हे चाललं. चार भाकरी म्हटलं की तोंड उघडायचं. मला वाटलं, निघालं बुवा औषध, आणि तेही फुकटचं. मी रोज भाकरी वाढवत गेलो. एका दुपारी मी सात म्हणालो. आईनं गोधडीतून हात बाहेर काढला आणि माझ्या शर्टाखालून माझ्या पोटावर ठेवला. तिथं आता पोट नाही, लोंबणारी कातडी आहे. तिची बोटं तिथं फिरत राहिली. कितीतरी वेळ. आईनं आपल्या लेकराला जिथं हात लावू नये तिथं तिचा हात लागलाय असं मला वाटलं आणि मी शरमेनं मेलो.

"खोटं बोलू नको," ती म्हणाली आणि तोंड मिटलं.

पेज निवत होती. चमचा माझ्या हातात होता. मी तो चमचा माझ्या तोंडात घातला आणि पेज गिळली. ती माझ्या गळ्याकडं बघत होती. मग तिनं तोंड उघडलं. एक चमचा मला, एक तिला. असं थोडा वेळ चाललं. पण मी जेवून आलेलो होतो, माझी वाटी माझ्या पोटात होती. थोड्याच चमच्यांत गळ्याशी आलं. मी थांबलो तशी तीही थांबली. भांडं अजून अर्धं होतं.

तेव्हापासून मी सकाळपासून काही खात नाही. बायको भांडते, मुलगी वखारीत फोन करून करून विचारते, प्रोटीन घेतलं का? मी हो म्हणतो. सकाळपासूनची सगळी जागा मी आईसाठी राखून ठेवतो. आता घरात शेव आहे, वेफर आहेत, कपाटात जिलेबीसुद्धा असते, कोणी लपवत नाही, आणि मला त्यांच्याकडं बघवतही नाही. दुपारी भांडं घेऊन तिच्याजवळ बसतो. एक मला, एक तिला. मी जितका सावकाश जाईन तितकं जास्त मावतं, म्हणून अगदी सावकाश जातो. भांड्यात दोघांच्या मिळून दोन वाट्या असतात. डॉक्टर म्हणतात, तिला रोज एवढं पुरायचं नाही, दुप्पट तरी हवं. मी तरी दुप्पट कुठून आणू? जी जागा होती ती मी इंदूरला कापून आलो.