गाणं त्याच्या नावावर

आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला बसल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. मी धवलारीण. धवले सासूकडून शिकले, तिने तिच्या आत्याकडून उचललेले.

अंबरनाथ पूर्वेच्या एका स्टुडिओवाल्याने हेंद्रेपाड्यातल्या हळदीत मला न विचारता माझं गाणं रेकॉर्ड केलं आणि स्वतःच्या चॅनलवर टाकलं. पुढे माझ्या मुलीने वांगणीच्या हळदीत तेच गाणं गातानाचा माझाच व्हिडिओ टाकला, तर याने कॉपीराइटची तक्रार करून तो उडवला. फोन केला तर मलाच शिकवतो, "मावशी, गाणं माझ्या नावावर आहे. परवानगी घेत जा."

मी फोन ठेवला आणि वाट बघत बसले.

त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. त्याची आई नारळ घेऊन मला बोलवायला आली. मी हसतहसत नारळ घेतला.

हळदीला नवरी पाटावर बसली, बायका जमल्या. मी मोबाइल काढून त्याचंच रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं. आधी कुकरची जाहिरात वाजली. मग माझा आवाज आला. धवल्यात घरच्या नवरीचं नाव गुंफतात, आणि इथे तर हेंद्रेपाड्याच्या नवरीचं नाव वाजायला लागलं. बायका कुजबुजल्या. नवरी रडकुंडीला आली.

स्टुडिओवाला धावत आला, सगळ्यांदेखत हात जोडले. "मावशी, ते बंद करा. तुम्ही गा ना."

"मी कशी गाऊ? गाणं तुझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "बस पाटाशेजारी. तूच गा."