रघुवीररावांची मोहीम

रघुवीर साळवी बर्मिंगहॅमच्या एका फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतून निवृत्त झाले. माणूस ते हातांवरून ओळखत. २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतली भाषणं त्यांनी टीव्हीवर मन लावून पाहिली. डावीकडचे सांगत, बड्या बँकवाल्यांनी तुम्हाला लुटलं. उजवीकडचे सांगत, राजधानीतल्या शहाण्यांनी लुटलं. बोलताना दोघंही बाह्या दुमडत.

"चोर वेगवेगळे, बाह्या सारख्या," रघुवीर म्हणाले. "घाम मात्र एकालाही नाही."

"मग तुम्हीच उभे राहा," सुनीती, त्यांची बायको, कणीक मळता मळता म्हणाली.

ते खरंच उभे राहिले, मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी. समोर डॉक्टर हरीश होते, दोनदा निवडून आलेले. रघुवीरना एकदा तरी ते पद हवं होतं. इतकी वर्षं कार्यक्रमाच्या खुर्च्या त्यांनीच मांडल्या, पण हार नेहमी दुसऱ्याच्या गळ्यात पडला.

जुन्या मंडळींच्या घरी ते गरजले, "मंडळ उभं केलं आपण, आणि पुढच्या रांगेत बसतात कालची व्हिसावाली पोरं!" टाळ्या पडल्या. आठवड्याने पोरांच्या फ्लॅटवर बाह्या दुमडून म्हणाले, "वर्गणी भरता तुम्ही, आणि पुढची रांग अडवून बसलेत म्हातारे!" तिथे तर शिट्ट्याही वाजल्या.

"अहो, म्हातारे म्हणजे कोण?" घरी येताना बसमध्ये सुनीतीने विचारलं.

"ते भाषण होतं गं."

"टीव्हीवालेही हेच म्हणत असतील."

दिवाळीच्या जेवणानंतर मतदान होतं. हॉलमध्ये दोन्ही गट शेजारी शेजारी बसले, गप्पा झाल्या आणि दोन्ही भाषणं एकमेकांना कळली. रघुवीर बोलायला उठताच पोरांमधली नीना म्हणाली, "काका, पुढची रांग नक्की कोणाची?"

लोक हसू लागले. रघुवीरना पद हातातून निसटताना दिसलं. तोंडाला येईल ते ते बोलून गेले, "कोणाचीच नाही! मी अध्यक्ष झालो तर पुढे बसणारच नाही. जेवणानंतरची पातेली घासेन. दर कार्यक्रमाला!"

पातेली आजवर बायकाच घासत आल्या होत्या. अध्यक्ष माइकवरून त्यांचे आभार मानत. आधी स्वयंपाकघराच्या दारातून टाळ्या आल्या, मग सगळा हॉल वाजला. हरीश हात जोडून उठले. "माझंही मत रघुवीररावांनाच. एवढी सेवा मला जमायची नाही."

निवड एकमताने झाली. हार गळ्यात पडेपर्यंत सुनीती एप्रन घेऊन हजर.

सिंकमध्ये मसालेभाताचं पातेलं होतं, तळाला चांगलं लागलेलं. रघुवीरनी हार काढून खिडकीत ठेवला आणि उलथन्याने तळ खरवडायला घेतला. पाच मिनिटांत कपाळावरून घाम गळू लागला. तेवढ्यात हरीश कॅमेरा घेऊन आले.

"अध्यक्ष, इकडे बघा. हसा जरा."

"थांबा. अर्धवट कामाचा फोटो नको."

त्यांनी आणखी जोर लावला, पातेलं विसळलं, उजेडात धरलं. सुनीतीने आतून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"डॉक्टर, तुम्ही चहा पिऊन या," ती म्हणाली. "यांना अजून वेळ आहे."